गळका रांजण आणि मेलेले बी

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. तुम्ही म्हणाल, रांजण कुठे आहे? इथे तर नुसती खापरे दिसतात. तुमचे बरोबर आहे. पण माणसाचे दात पडले म्हणून तो माणूस राहत नाही का? तसा मी फुटलो तरी रांजणच आहे. फरक एवढाच की पूर्वी मी एका जागी उभा असे आणि आता एका फुलझाडाभोवती गोल पसरून बसलो आहे. या वयात बसलेलेच बरे वाटते.

माझा जन्म काखेती नावाच्या द्राक्षांच्या मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी झाला. कुंभाराने मला घाईने बनवले नाही. वीतभर भिंत उभी करायची, ती सुकू द्यायची, मग पुढची वीत, असे करत त्याने माझे पोट फुगवले, मान आवळली आणि भट्टीत घातले. अंग गरम असतानाच त्याने माझ्या पोटात मधमाशीचे मेण फासले. त्या मेणाचा वास मला अजून आठवतो. ‘हा वाइनचा रांजण आहे हं, पाण्याबिण्याचा नाही,’ असे तो गिऱ्हाइकाला म्हणाला, तेव्हा माझी छाती आणखी फुगली.

गिऱ्हाईक म्हणजे माझ्या पुढच्या मालकाचे, अंझोरचे वडील. त्यांच्या तळघरात माझे थोरले भाऊ आधीपासून होते. आमच्याकडे जो रांजण मोठा आणि मानाचा, त्याला गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. मी चणीने लहान, म्हणून कोपऱ्यात उभा राहिलो. पण मेजवानीच्या दिवशी त्या पुरलेल्या थोरल्यांना कोण अंगणात नेणार? मला नेत. मी मधोमध उभा राही आणि माझ्यातून मधाच्या रंगाची वाइन निघे.

आणि मेजाच्या वरच्या टोकाला अंझोर बसे. तो आमच्या गावाचा तमादा. मेजवानीत सगळ्यांच्या वतीने प्याला उचलून बोलतो तो तमादा. त्याचे बोलून झाल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही, ही आमची रीत. अंझोरचे बोलणे असे की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावे, पोरांनी हसावे आणि तरी खाचापुरी, म्हणजे आमची चीज भरलेली गरम रोटी, थंड होऊ नये.

पण माझे सुख फार दिवस टिकले नाही. अंझोरच्या मुलाच्या बारशाला मला अंगणात ठेवले होते. मुलाचा धर्मबाप नुगझार, अंझोरचा जिवाभावाचा मित्र आणि शेजारी, माझ्याशेजारी बसला होता. त्याने नवी कोरी पांढरी पँट घातली होती. माझ्या बुडाशी कधी चीर गेली ते मलाही कळले नाही. अंझोर बोलत होता, सगळे उभे होते आणि मी नुगझारच्या पँटीवर शांतपणे गळत होतो.

“अरे, हा रांजण गळका आहे!” नुगझार ओरडला.

झाले! त्या दिवसापासून माझे नाव गळका. पन्नास मेजवान्या केल्या त्या कोणी मोजल्या नाहीत, एक पँट मात्र गावाने पाठ केली. मला तळघराच्या मागे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी टाकले. तिथे मी कित्येक वर्षे आडवा पडून होतो. एक तपकिरी कोंबडी माझ्यात अंडी घाली आणि मग जगाला ओरडून सांगे. वाइनच्या घराण्यातला मी, आणि पोटात कोंबडी! मला लाज वाटे. वाइनचा एक थेंब तरी पुन्हा अंगाला लागावा, एवढीच माझी इच्छा होती.

आता लमाराविषयी सांगतो. लमारा म्हणजे अंझोरची बायको. तिचे माहेर वर डोंगरात होते. ते गाव केव्हाच उठले, माणसे खाली आली, घरे पडली. तिच्या आईच्या कुंपणापाशी दर वसंतात रानातले पिवळे योर्दासलामी फुलत असे. लोण्यासारखे फिके पिवळे, वाटीएवढे फूल. ते जगात फक्त आमच्याच डोंगरांत येते, असे लमारा सांगे आणि कोणी शंका घेतली तर त्याला दुसऱ्यांदा चहा देत नसे. आता तिचे गुडघे गेले होते. दर वसंतात ती अंगणात खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसे आणि म्हणे, “फुललं असेल आता.” एवढेच म्हणे, पण ते ऐकून अंझोर हातातला घास खाली ठेवी.

त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मेजवानी होती. अंझोरने प्याला उचलला आणि लमाराविषयी बोलू लागला. बोलता बोलता त्याची गाडी उताराला लागली. “येत्या ईस्टरला,” तो म्हणाला, “लमाराचं योर्दासलामी याच अंगणात फुललेलं असेल! बियापासून वाढवीन, माझ्या हातानं!”

सगळ्यांनी जयजयकार केला. नुगझारने मात्र मिशीवरून हात फिरवला. “आणि नाही फुललं तर?”

“नाही फुललं तर तमादाची खुर्ची तुझी!”

प्याला हातात असताना दिलेला शब्द आमच्याकडे परत घेता येत नाही. लमारा हळूच म्हणाली, “अंझोर, अरे, तू आजवर मुळा तरी लावलायस का?”

द्राक्षांची तोडणी उरकल्यावर लमाराचा मेंढपाळ भाऊ वरून बी घेऊन आला. ते रुमालात इतके दिवस राहिले होते की सुकून खडखडत होते. त्यात काही दाणे काळे होते आणि काही लालभडक, डाळिंबासारखे. अंझोरने लाल दाणे तळहातावर घेतले आणि तो खूश झाला.

“बघ, कसे रसरशीत आहेत! हेच लावायचे. काळे मेलेत, टाक ते कोंबड्यांना.”

“सगळेच घाल,” लमारा म्हणाली. “कोंबड्यांना मी दुसरं काहीतरी देईन.” आणि कशात लावायचे हा प्रश्न आला, तेव्हा तिनेच माझ्याकडे बोट दाखवले. “तो गळका आण. त्यात पाणी साचायचं नाही.”

मित्रांनो, मला राग आला. पोटात वाइन गेली, कोंबडी गेली, आता माती! जंगलातली कुजकी पाने, वाळू, शेणखत असे सगळे माझ्या मेण लावलेल्या पोटात कोंबले आणि त्यात बी पेरले. मी मनात म्हटले, मरू दे हे बी एकदाचे.

हिवाळा आला. लाल दाणे पहिल्या पावसातच मऊ पडले आणि बर्फ पडायच्या आत कुजून गेले. रूपच तेवढे होते, आत काही नव्हते. काळे दाणे खड्यांसारखे गप्प पडून राहिले.

वसंत आला. अंझोर रोज सकाळी माझ्या तोंडात डोकावे. आधी त्याने बियाला गोड शब्दांत समजावले. मग त्याच्या पूर्वजांची स्तुती केली. मग शिव्या दिल्या. “अरे, लसूणसुद्धा याच्या आधी येतो!” बी काही बोलले नाही. ईस्टर आला आणि अंझोर उठून मेजाच्या खालच्या टोकाला जाऊन बसला. वरच्या खुर्चीवर नुगझार बसला.

नुगझार माणूस सोन्यासारखा, पण तमादा म्हणून त्याच्यासारखे संकट गावावर आले नव्हते. त्याला एकदा मुतखडा झाला होता. तो निघालेला खडा तो काड्यापेटीत घालून खिशात बाळगे. देशासाठी प्याला उचलला तरी बोलणे खड्यावर येई, नवरानवरीसाठी उचलला तरी खड्यावरच येई. “दुःख काय असतं ते मला विचारा,” असे म्हणून तो काड्यापेटी उघडे आणि ती मेजावरून सगळ्यांच्या हातांतून फिरे. खाचापुरी थंड होऊन चामड्यासारखी होई. घोट घेता येत नाही, पळता येत नाही. माणसे प्याला धरून उभी, हात भरून आलेले. गावात तेव्हा देवाकडे एकच मागणे होते, ते बी उगवू दे.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या मेलेल्या माणसांना भेटायला जातो. थडग्यांवर लाल अंडी गडगडवायची, वाइन शिंपडायची, त्यांच्या नावाने दोन घास खायचे. त्या वर्षी सगळे स्मशानातून परतले, तेव्हा नुगझारच्या टोपलीत एक अंडे उरले होते. तो थेट माझ्यापाशी आला. टोपी काढली. माझ्या तोंडातल्या मातीवर अंडे गडगडवले, प्याल्यातून वाइन शिंपडली आणि गंभीर आवाजात म्हणाला, “देव या बियाला शांती देवो. चांगलं होतं बिचारं. कुणाला कधी त्रास दिला नाही. दिसलंही नाही.”

सगळे पोट धरून हसले. अंझोरसुद्धा हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आणि ती वाइन? ती वरच्या मातीनेच पिऊन टाकली. माझ्यापर्यंत थेंब पोचला नाही.

अंझोरची बहीण गुलीको तिथेच होती. तिची माझ्यावर केव्हापासून नजर होती. “वहिनी, मेलंच आहे तर ओता ती माती,” ती म्हणाली. “चीर मेणानं बुजवून मी यात लोणचं घालते.”

लोणचे! मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला हे मी लपवत नाही. लोणचे म्हणजे वाइन नव्हे, पण शेणखतापेक्षा बरेच.

लमारा मात्र हसली नव्हती. ती काठी टेकत उठली. “नुगझार, तू याला मेलं म्हणालास?”

“थट्टेत म्हणालो, वहिनी.”

“टोपी काढलीस, अंडं गडगडवलंस, वाइन शिंपडलीस. देवाच्या दारात थट्टा आणि खरं असं वेगळं असतं का रे? आता सुतक पाळायला हवं. चाळिसाव्या दिवसापर्यंत याला कुणी हात लावायचा नाही.”

“आणि चाळिसाव्यानंतर?” गुलीकोने विचारले.

“मग वर्षाचा दिवस. तोवर मेलेल्याची वस्तू हलवत नाहीत. तुला माहीत नाही का?”

स्मशानाच्या बाबतीत आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांचा शब्द शेवटचा असतो. नुगझारने बायकोकडे पाहिले, बायकोने मान डोलावली. झाले. माझे लोणचे गेले. मी लमारावर फार चिडलो.

उन्हाळा कडक गेला. लमारा मला रोज पाणी घालायची आणि कोणी पाहिले तर म्हणायची, “थडग्याला पाणी घालतेय.” मग शरदात पहिला गार वारा सुटला आणि एके दिवशी माझ्या पोटात काहीतरी टोचले. खूप हळू, कोंबडीच्या पिलाने चोच लावावी तसे. मी सावध झालो. एका काळ्या दाण्याला तडा गेला होता आणि त्यातून पांढरे, बारीक मूळ खाली निघाले होते. ते माझ्या भिंतीपर्यंत आले, तिला टेकले आणि तिथेच विसावले.

मित्रांनो, मी कुणाकुणाच्या मेजवान्या पाहिल्या, किती वाइन पोटात धरली, पण माझ्यावर विश्वासाने कोणी टेकले नव्हते. माझे सगळे रुसणे त्या दिवशी संपले.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गुलीको हिरवे टोमॅटो आणि मेणाचा गोळा घेऊन हजर झाली!

“वहिनी, सहा महिने झाले. मेलेलं बी काय पेन्शन घेऊन परत येणार आहे का? द्या तो रांजण.”

मला ओरडावेसे वाटले. अगं बाई, आत मूळ आहे! वर काही दिसत नाही, पण ते आधी खालीच वाढते! पण रांजणाला तोंड एवढे मोठे असून उपयोग काय? बोलता येत नाही. गुलीकोने माझ्या कडेला हात घातलासुद्धा. मी थोडा तिरका झालो. ते मूळ थरथरले.

“गुलीको,” लमारा खुर्चीवरून म्हणाली, “तुझ्या सासूचं वर्ष व्हायच्या आत तू तिचं पितळी घंगाळ नेलं होतंस. मग काय झालं?”

गुलीकोचा हात थांबला. “छत पडलं.”

“कुणाचं?”

“माझंच.” तिने मला सरळ केले, वर क्रूसाची खूण केली आणि टोमॅटो घेऊन निघून गेली.

हिवाळा गेला. पुन्हा ईस्टरचा दुसरा दिवस आला. स्मशानातून सगळे आमच्या अंगणात जमले, कारण माझ्या बियाचा वर्षाचा दिवस होता. तमादा नुगझार होता. मेलेल्यांसाठी प्याला उचलताना आम्ही तो एकमेकांच्या प्याल्याला लावत नाही, म्हणून सगळे आपापला प्याला छातीशी धरून उभे होते. नुगझारने बियाच्या अल्पायुष्याविषयी बोलायला सुरुवात केली आणि लवकरच तो मुतखड्यावर आला. काड्यापेटी निघाली. माणसे उसासे टाकू लागली. शेवटी त्याने अंडे घेतले आणि माझ्या तोंडातल्या मातीवर सोडले.

अंडे गडगडले नाही. कशाला तरी अडून राहिले.

नुगझारने ते बोटाने ढकलले. पुन्हा अडले. त्याने वाकून पाहिले आणि त्याची मिशी हलायची थांबली. मातीतून एक लाल, टोकदार कोंब वर आला होता, अंड्याइतकाच लाल.

“उठलं!” लमारा म्हणाली.

आणि ईस्टरला ‘प्रभू उठला’ म्हटले की जे उत्तर द्यायचे असते, त्याची आदल्या दिवसापासून सवय झाल्यामुळे सगळे गाव एका सुरात ओरडले, “खरंच उठला!”

मग काय विचारता! मेलेल्याचे प्याले जिवंताचे झाले आणि खणखण वाजले. “नुगझार, ऊठ आता खुर्चीवरून,” लोक म्हणाले. पण नुगझारला खुर्चीची चटक लागली होती. “अंझोर काय म्हणाला होता? फुललेलं असेल म्हणाला होता. हे पान आहे. फूल येऊ द्या.” सगळ्या अंगणाने कपाळावर हात मारला.

रानातले योर्दासलामी घाई करत नाही. त्या वर्षी एकच पान आले, पुढच्या वर्षी दोन. पाचव्या वर्षापर्यंत चांगले झुडूप झाले, पण कळी नाही. गावात तोवर तीन लग्ने लागली आणि तिन्ही जोडप्यांनी मुतखडा हातात घेऊन पाहिला. इकडे माझ्या पोटात मुळे रताळ्यांसारखी जाड झाली होती. माझी जुनी चीर रोज थोडी वर सरकत होती. मला कळ येई, पण मी गप्प होतो. मग मे महिन्यातच पाने पिवळी पडली आणि लमाराने जेवण सोडले.

“कोंडलंय ते,” ती म्हणाली. “त्याला जमीन हवी.”

शरदात सगळे जमले. गुलीकोने झुडूप ओढून पाहिले, लमाराने तिच्या हातावर काठी मारली. मला उलटे करून पाहिले, मातीसुद्धा हलली नाही. माझी मान अरुंद आणि आत मुळे फुगलेली. रांजण वाचवायचा तर मुळे कापावी लागणार होती. मुळे वाचवायची तर...

अंझोर हातोडी घेऊन माझ्यासमोर बसला. त्याच्या वडिलांनी मला आणले होते. तो लहानपणी माझ्यामागे लपत असे. मी खरे सांगतो मित्रांनो, मी घाबरलो होतो. पण मुळांनी मला आतून असे घट्ट धरले होते की कोण कोणाला सांभाळतो आहे, हेच कळत नव्हते.

“दोन शब्द बोलायचेत,” अंझोर म्हणाला आणि त्याने नुगझारकडे पाहिले. तमादाने बोलण्याचा मान दिल्याशिवाय बोलता येत नाही, ही रीत अंझोरच पाळणार, दुसरे कोण?

नुगझारने काड्यापेटी खिशात ठेवली. प्याला भरला आणि अंझोरच्या हातात दिला. “बोल माझ्या भावा. माझ्याही वाटणीचं बोल.”

अंझोर उभा राहिला. इतक्या वर्षांनी तो प्याला धरून बोलत होता. “रांजणा,” तो म्हणाला, “आम्ही तुला गळका म्हणालो. एका पँटीपायी तुला कोंबड्यांत टाकलं. पण तू गळलास म्हणून हे बी कुजलं नाही. आम्ही याचं सुतक पाळत होतो, तेव्हा तू त्याला पोटात धरून बसला होतास. आम्ही सगळे बोलत होतो. तू एकटाच गप्प होतास, आणि काम तूच केलंस. मला माफ कर.”

“पँट तशीही मला घट्ट होत होती,” नुगझार नाक ओढत म्हणाला.

मग अंझोरने हातोडी मारली. दुखले नाही. माझी चीर अर्धे काम आधीच करून बसली होती. मी फुटलो आणि मधे मुळांचा गड्डा माझ्याच आकाराचा उभा राहिला. पोट माझे, मानही माझी. त्यांनी तो तसाच कुंपणापाशी खड्ड्यात ठेवला आणि लमाराने माझे एकेक खापर पुसून त्याच्याभोवती गोल लावले.

पुढच्या वसंतात झुडूप रुसून राहिले. त्याच्या पुढच्या वसंतात कळी आली. आठवडाभर गावात कोणी मोठ्याने शिंकले नाही. आणि एका सकाळी ती उमलली. लोण्यासारखी फिकी पिवळी, वाटीएवढी.

लमारा खुर्ची न घेताच आली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली. तिने फुलाला हात लावला नाही. “आई,” एवढेच म्हणाली आणि मनसोक्त रडली. अंझोर मागे उभा राहून आकाशाकडे पाहत होता, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचे चालले होते.

दुपारी मेज मांडले. नुगझार स्वतःहून वरच्या खुर्चीवरून उठला. खुर्ची बाहीने पुसली. मग त्याने खिशातली काड्यापेटी काढली, खडा बाहेर घेतला आणि माझ्या दोन खापरांमध्ये एक फट होती तिथे बसवला. “मीही काहीतरी द्यायला हवं,” तो म्हणाला. गावाने सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की फूल हलले. तो खडा आता माझा शेजारी आहे. स्वभावाने बरा आहे.

मित्रांनो, माझे तुम्हाला एकच सांगणे आहे. एखाद्या कुंडीत काही दिसत नाही म्हणून ती उपडी करू नका. माती गप्प असली म्हणजे रिकामी असते असे नाही. पाणी घालत राहा. कोणी हसले तर सांगा, सुतक आहे.

त्या दिवशी अंझोरने पहिला प्याला लमारापुढे केला. सगळे वाट पाहत होते, ती काय बोलते याची. ती काठी टेकत माझ्यापाशी आली, वाकली आणि भरलेला प्याला माझ्या खापरांवर ओतला. “हा याचा वाटा,” ती म्हणाली.

मधाच्या रंगाची वाइन माझ्या अंगावरून वाहिली. इतक्या वर्षांनी! मी ती धरून ठेवण्याचा फार प्रयत्न केला, पण खापरांना काय धरता येणार? सगळी वाइन गळून झाडाच्या मुळांशी गेली. पण या खेपेला मला कोणी गळका म्हणाले नाही.